हौदातल्या अळ्या

वहिनीच्या हौदात अळ्या दिसल्या तेव्हा खरं तर मला आनंदच झाला. डासांविरुद्धचं पत्रक मी नुकतंच लिहिलं होतं: 'पाण्यात वळवळणारा प्रत्येक जीव आपला शत्रू!' शहरात, सावेडीत ते वाटून मी शेवगावकडच्या आमच्या गावी आलो होतो. भाऊ ऊसतोडीला गेलेला. यंदा शेळ्यांपायी वहिनी मागे राहिली होती.

पण या अळ्या पत्रकातल्या चित्रासारख्या नव्हत्या. चित्रातली अळी डोकं खाली करून पाण्यात लटकते. या सहा पायांवर तळाशी चालत होत्या. डोळे टपोरे, अंग मातकट. एक पेल्यात घेतली, फोटो काढून प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. आणि उत्तराची वाट न बघता हौदाचं बूच काढलं. वहिनी माळावर होती. तिला विचारावं, हे मनातही आलं नाही.

पाणी वाहून जात असताना उत्तर आलं. 'चतुर या उडत्या कीटकाच्या अळ्या. डासांच्या अळ्या खातात. राहू दे.' बूच परत कोंबलं तेव्हा तळाला नुसता गाळ होता.

वहिनी आली, हौदात वाकली.

"भावजी, पानी कुठं गेलं?"

"अळ्या होत्या."

"मंग? शेळ्यांनी तक्रार केली व्हय तुमच्याकडं?"

टँकर परवा येणार होता. शेळ्या हौदाची ओली कड चाटत होत्या.

पाणी होतं ते गावातल्या बड्या बागायतदाराच्या बोअरला. 'गावाचं पाणी एकाच्या मळ्यात' हे त्याच्यावरचं पत्रक माझंच. त्याचं पाणी आमच्या घरात घ्यायचं नाही, हेही मीच सगळ्यांकडून वदवून घेतलेलं. वहिनीनं पदर खोचला. "तुमी नका येऊ. तुमाला बघून बिथरायचा त्यो."

तरी गेलो, तिच्या आणि शेळ्यांच्या मागून.

बागायतदार खाटेवर बसला होता. शेळ्यांनी त्याला विचारलं नाही, सरळ त्याच्या हौदाला तोंड लावलं.

"या, पत्रकवाले! पानी एकाच्या मळ्यातलं हाय. चालंल का?" त्याचे गडी हसले. मग तो वहिनीकडे वळला. "काय सूनबाई, टँकरपत्तोर पानी पुरवायची बी अक्कल न्हाई व्हय?"

वहिनी शेळ्या आवरत राहिली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

"पाणी तिनं नाही, मी सोडून दिलं," मी म्हणालो. आवाज पत्रक वाचतानाचा नव्हता, त्यामुळे त्याला ऐकूच गेलं नाही. मला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.