वुनपिनीने डिस्कमध्ये भिंत घातली

तमाले शहरातल्या आमच्या रेडिओ केंद्रात वुनपिनी तंत्रज्ञ म्हणून आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने केंद्रप्रमुख अल्हाजींच्या खुर्चीचा मोडका पायही बसवून दिला. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. पट्टा तुटला की लहानपणापासून तीच बसवायची. त्यामुळे कुठलंही यंत्र ती बेधडक उघडायची.

केंद्रात कॉम्प्युटर एकच. दागबानी भाषेतल्या बातम्या, मक्याचे भाव, मा सनातूंचा बायकांचा कार्यक्रम, सगळं त्यातूनच जायचं. आम्ही निवेदक गावोगावचे पेनड्राइव्ह आणून त्यात खुपसायचो, त्यांतून व्हायरस यायचे. मग ऐन बातम्यांत कॉम्प्युटर थिजायचा आणि मी माइकवर उन्हाळ्याबद्दल बोलत वेळ काढायचो.

"कॉम्प्युटरच्या याच डिस्कवर मी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकते," वुनपिनी अल्हाजींना म्हणाली. "विंडोज काढायचं नाही. प्रक्षेपण विंडोजवरून, पेनड्राइव्ह फक्त लिनक्समध्ये. आपल्याला छळणारे व्हायरस तिथे चालत नाहीत. चालू करताना कॉम्प्युटर विचारेल, कुठे जायचंय."

"आणि आहे तेही गेलं तर?"

"तर मला काढून टाका."

"तुला काढून माझा रेडिओ वाजणार आहे का?"

मा सनातू दारातच उभ्या होत्या. "एका घरात दोन बायका नांदवायला निघालीयस," त्या म्हणाल्या. "मी तशा घरात नांदलेय. चुलीवरून भांडणं होतात."

"चुली वेगळ्या करते, मा. मध्ये भिंत घालते."

"घाल. पण माझ्या माणसाचा आवाज आहे त्यात, एवढं ध्यानात ठेव."

वुनपिनीचं हसू थांबलं. मांचे यजमान ढोल वाजवून राजांच्या पिढ्या सांगायचे. ते गेले, आणि त्यांचा आवाज तेवढा त्या कॉम्प्युटरमध्ये उरला होता.

"कॉलेजात मी घाईघाईत मैत्रिणीचा अख्खा लॅपटॉप पुसला होता," वुनपिनी म्हणाली. "ती अजून बोलत नाही माझ्याशी. तेव्हापासून आधी सगळं बाहेर काढून ठेवते, मगच हात लावते."

तिने सगळ्या फाइली वेगळ्या डिस्कवर घेतल्या, ती डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि ढोल लावला. आम्ही उभे होतो तिथेच थांबलो. मांनी शेवटपर्यंत ऐकलं. पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "कर आता."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर प्रक्षेपणाला सुट्टी असते. "कोणी बाहेर जायचं नाही," वुनपिनीने बजावलं. "समोर बसा, मी काय पुसते, काय ठेवते ते बघा." आधी विंडोजमध्येच जाऊन तिने त्याचा डिस्कवरचा भाग लहान केला. मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्स बसवायला सुरुवात केली. मध्येच पडद्यावर प्रश्न आला, तो तिने मोठ्याने वाचला. "अख्खी डिस्क पुसू का, म्हणतोय. माणसं इथेच फसतात." तिने रिकामा भाग निवडला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. कुठे जायचं त्या यादीत एकटं लिनक्स. विंडोजचं नाव कुठेच नाही.

अल्हाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेलं."

"कुठे जाईल? घर जागेवर आहे, फक्त दारावर पाटी लावायची राहिलीय." लिनक्समधूनच तिने विंडोजचा भाग उघडला आणि मांना यजमानांच्या नावाचं फोल्डर दाखवलं. "याला शेजारी कोण आहे ते शोधायला सांगावं लागतं. आपोआप शोधत नाही." तिने लिनक्सच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली, शोध घ्यायला लावला आणि कॉम्प्युटर परत सुरू केला. यादीत दोन्ही नावं आली. खालचं निवडलं, तर आमचं जुनं विंडोज उघडलं. प्रक्षेपणाचा प्रोग्रॅमही जसाच्या तसा होता.

संध्याकाळच्या बातम्या मीच वाचल्या. एकदाही अडखळलो नाही.

मा आता बाणाची कळ दाबून स्वतःच हवी ती चूल निवडतात. कोणी पेनड्राइव्ह घेऊन भलतीकडे गेला की ओरडतात, "अरे, ती दुसरीची चूल आहे."

गेल्या महिन्यात वुनपिनी दामोंगोच्या रेडिओ केंद्रावर हेच काम करायला गेली. तिथले साहेब म्हणाले, तुम्ही करा, आम्ही जेवून येतो. तिने डबे आतच मागवले आणि सगळ्यांना पडद्यासमोर बसवून जेवायला लावलं.