पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं

दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात मी एकही चिन्ह बदललं नाही. विसरले म्हणून नव्हे. ठरवून, शुद्धीत, बाकावर बसून घोटभर पाणी पिऊन बदललं नाही. ‘बरोबर’च्या चिन्हापलीकडे आकडा नेला की अधिकचा उणे होतो आणि उण्याचा अधिक, हे मला चार महिने रोज दुपारी सांगितलं गेलं होतं. पण सांगणारी बाई मला पाडायला टपलेली आहे, अशी माझी खात्री होती. तेव्हा ती जे सांगेल त्याच्या उलट करणं हाच शहाणपणा.

तेव्हा मी काही कोवळी नव्हते. पंचेचाळीस वर्षांची होते, मुलीची मुलगी चालायला लागली होती. अक्कल यायला भरपूर वेळ मिळाला होता, मीच तो घेतला नव्हता. ती चालायला लागलेली नात आता दहावीला आहे. ती गणिताची वही उघडून बसली की मी शेजारी वाल सोलत बसते आणि मध्येच गंभीरपणे विचारते, “ताळा केलास का?” तिला वाटतं आजीला गणित फार कळतं. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

त्या वेळी मी आमच्या गावच्या वरच्या पाड्यातल्या अंगणवाडीत मदतनीस होते. पोरांना घरोघरी जाऊन आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, वजनाच्या दिवशी रडणाऱ्याला काट्याच्या झोळीत बसवायचं. आमच्या सेविकाबाई निवृत्त व्हायला आल्या होत्या. त्यांच्या जागेवर मदतनिसांतून कोणी घ्यायची तर ती दहावी पास हवी, असं कळलं. मी आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेली. खालच्या पाड्यातल्या अंगणवाडीची मदतनीसही नववीच शिकलेली. जागा एक आणि आम्ही दोघी.

दोघींनीही सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा. मी भरला तो कोणाला न सांगता. तिने भरला तो सगळ्या गावाला सांगून. इथूनच मला तिचा संशय यायला लागला. मनात मी तिला ‘खालची’ म्हणायचे.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी, पोरं घरी गेली होती आणि मी पातेलं घासत होते, तेव्हा ही खालची गणिताचं पुस्तक पदराखाली धरून दारात उभी राहिली.

“दोघी मिळून करू गे,” ती म्हणाली. “बाकीचे विषय निघतील. गणित एकटीने नाही निघायचं.”

“पुस्तक तुझ्याकडे आहे. मग माझं काय काम?”

“तुझ्याकडे फळा आहे.”

तिची अंगणवाडी भरायची एका घराच्या पडवीत. तिथे फळा नव्हता, हे खरं होतं. पण फळ्यासाठी कोणी आपल्या बरोबरीच्या बाईला पुस्तक दाखवतं का? मी पातेलं उपडं घातलं आणि तिला आत घेतलं. मनात म्हटलं, बघू हिचा डाव.

पहिल्याच दिवशी पुरावा सापडला. पुस्तकाची शेवटची पानं नव्हती. उत्तरं तिथेच असतात, एवढं मला नववीपासून माहीत.

“पानं कुठे गेली?”

“सासऱ्याने तंबाखू बांधला त्यात.”

पुढच्या बाजाराला मी तिच्या सासऱ्याला गाठलं. म्हातारा खरंच एका छापील कागदातून तंबाखू काढत होता. त्यावर आकडे आहेत का ते बघायला मी वाकले, तर त्याला वाटलं मला तंबाखू हवा आहे. त्याने चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला. मी तंबाखू खात नाही, पण त्या दिवशी खाल्ला. कागद कुठल्याशा खताच्या जाहिरातीचा निघाला. घरी येईपर्यंत माझं डोकं गरगरत होतं आणि संशय जिथल्या तिथे होता.

मग आली समीकरणं. फळ्याच्या वर कोंबडी, ससा आणि अननसाची चित्रं, आणि त्याखाली खालचीने खडूने मांडलं: तीन एक्स उणे आठ बरोबर एक्स अधिक चौदा.

“एक्सला इकडे आण,” ती म्हणाली. “आणि आठाला तिकडे ने. पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.”

“का बदलतं?”

“बदलतं.”

“पण का?”

“आता तूच सांग का ते. नववीत सरांनी सांगितलं होतं, बदलतं. तुलाही सांगितलं असेल की. तू काय करत होतीस वर्गात?”

वर्गात मी शेवटच्या बाकावर बसून चिंचा खायचे, ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. पण तिला कारण देता आलं नाही, हे मी टिपून ठेवलं. खऱ्या गोष्टीला कारण असतं. मी जीपमध्ये स्वतःला कोंबून जव्हारला बाजाराला जाते, परत येते, तीच असते. माझा नवरा भात झोडून झालं की वसईकडे बांधकामावर जातो, होळीला परत येतो. येताना थोडी हिंदी घेऊन येतो, पण तो काही अधिकचा उणे होऊन येत नाही. मग नुसतं एक चिन्ह ओलांडलं म्हणून बिचाऱ्या आठाने का बदलावं?

मी दोन वह्या केल्या. एक खालचीसमोर लिहायची. त्यात मी मान डोलावून चिन्ह बदलायचे. दुसरी माझी खरी वही, घरात पेटीत ठेवलेली. त्यात तीच गणितं मी माझ्या पद्धतीने सोडवायचे. तिच्या पद्धतीने त्या गणितात एक्स आला अकरा. माझ्या पद्धतीने आला दीड. मला दीड जास्त खरा वाटला. अकरा कोणीही ठोकून देईल. दीड कोणी उगाच सांगत नाही.

“ताळा करून बघ,” ती म्हणायची. “आलेलं उत्तर परत गणितात घाल. दोन्ही बाजू सारख्या आल्या की बरोबर.”

घरी मी दीड घालून पाहिला. एका बाजूला उणे साडेतीन आले, दुसऱ्या बाजूला साडेपंधरा. मी विचार केला आणि ठरवलं की पुस्तक छापताना चूक झाली आहे. पुन्हा ताळ्याच्या वाटेला गेले नाही. मला वाटलं, पेपरात माझा वेळ जावा म्हणून हिने ही ताळ्याची भानगड काढली आहे.

ती एकटी असताना कोणत्या पद्धतीने सोडवते ते बघायचं म्हणून एकदा न सांगता तिच्या घरी गेले. ती ओट्यावर नागली पाखडत होती. मागच्या कुडावर कोळशाने गणितं लिहिलेली. सगळीकडे चिन्ह बदललेलं. मी जागच्या जागी ओळखलं की मी येणार हे तिला आधीच कळलं होतं.

शेवटी आमच्या सेविकाबाईंना विचारलं. त्या दहावी झालेल्या.

“बाई, पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं का हो?”

“बदलतं ना.”

“खालच्या पाड्यातली काही बोलली होती का तुमच्याशी?”

“हो, कालच भेटली होती. का गं?”

संपलं. बाईंनाही फितवलं होतं.

इथपर्यंत माझा मूर्खपणा माझ्यापुरता होता. पण संशय पोटात ठेवायची माझी कधीच ऐपत नव्हती. फेब्रुवारीत पाणी खोल जायला लागलं, विहिरीवर हंड्यांची रांग लागायची. रांगेत बोलणं निघतं. मी बोलून गेले, “ती मला मुद्दाम चुकीचं शिकवते आहे. जागेसाठी.” बायकांनी ऐकून घेतलं. हंडे पुढे सरकवले. मला वाटलं, विषय संपला.

मार्चमध्ये पेपर जव्हारला. आम्ही दोघी एकाच जीपमध्ये, एकाच बाकड्यावर. तिने भाकरीत लसणाची चटणी घालून आणली होती, अर्धी मला दिली. मी आधी तिला खाऊ दिली, मग खाल्ली.

पेपरात वयाचं गणित होतं. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर दोघींची आजची वयं काढा. समीकरण मी झकास मांडलं. मग आकडे पलीकडे नेले, एकाचंही चिन्ह न बदलता. मुलगी आली सात पूर्णांक दोन दशांश वर्षांची आणि आई एकवीस पूर्णांक सहा दशांश. म्हणजे मुलगी झाली तेव्हा आई चौदा-साडेचौदा वर्षांची. इथे तरी माझा हात अडखळायला हवा होता. पण मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या सासूचं तसंच झालं होतं. मी उत्तराला चौकट केली.

बाहेर आल्यावर खालचीने विचारलं, “मुलगी किती आली?”

“तुझी किती?”

“बारा.”

“माझीही,” मी म्हणाले.

निकाल पावसाच्या तोंडावर लागला. खालची सुटली, काठावर का होईना. मी बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास. जागा तिला मिळाली, आणि ती जागा होती माझ्याच अंगणवाडीत. म्हणजे आता ती सेविका आणि मी तिच्या हाताखाली. मी पेटीतली वही काढली, सगळी गणितं चाळली आणि म्हटलं, तपासणाऱ्यालाही फितवलं की काय?

ती रुजू झाली तेव्हा वरच्या पाड्याची पोरं अंगणवाडीत येईनात. एक-दोन दिवस मला वाटलं, पावसामुळे. तिसऱ्या दिवशी मी घरोघर फिरले. एक म्हणाली, पोर झोपलंय. दुसरी म्हणाली, मामाकडे गेलाय. तिसरीने खरं सांगितलं.

“तूच सांगितलं होतंस ना विहिरीवर? जी तुला खोटं शिकवून जागा घेते, तिच्या हाती आमचं पोर देऊ?”

वजनाचा दिवस आला. काट्याची झोळी रिकामी लोंबत राहिली. वजनाच्या यादीत दोन पोरं अशी होती की ज्यांचं वजन दर महिन्याला बघायलाच हवं होतं. खालची सकाळपासून स्वतः दारोदार जाऊन, माझं विहिरीवरचं बोलणं ऐकून आली होती. तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. ती तशीच आत आली. फळ्यापाशी गेली, वयाचं तेच गणित लिहिलं आणि खडू माझ्या हातात दिला.

“पेपरात केलं तसं कर.”

मी केलं. मुलगी सात पूर्णांक दोन.

“आता ताळा कर. माझ्यासमोर.”

मी बारा वर्षं मिळवली. मुलगी एकोणीसची झाली, आई तेहतीसची, वर काही दशांश. एकोणीसची दुप्पट तेहतीस होत नाही, हे पाढे न येणाऱ्यालाही कळलं असतं. मग तिने सांगितलं म्हणून बारा घालून बघितलं. मुलगी बारा, आई छत्तीस. बारा वर्षांनी मुलगी चोवीस आणि आई अठ्ठेचाळीस. दुप्पट. अगदी चोख.

ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्यावर पुन्हा संशय तरी घेतला असता. पण ती ओल्या साडीचा पदर पिळत दारापाशी जाऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत राहिली, कोणी पोर येतंय का म्हणून.

चार दिवसांनी आया पोषण आहाराची पाकिटं न्यायला आल्या. त्या दिवशी त्यांना यावंच लागतं. पोरं कडेवर, पण दाराच्या आत ठेवायची तयारी नाही. मी चुलीवर खिचडी ठेवली आणि हात पुसून फळ्यासमोर उभी राहिले. नवी सेविका कोपऱ्यात पाकिटं मोजत होती.

मी सगळं सांगितलं. दोन वह्या सांगितल्या, तंबाखू सांगितला, कुडावरची गणितं सांगितली, सेविकाबाईंना फितवल्याचं सांगितलं. फळ्यावर वयाचं गणित दोन्ही पद्धतींनी करून दाखवलं. बायका आधी पायांवर भार बदलत उभ्या होत्या, मग एक-एक करून खाली बसल्या.

पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, “म्हणजे ही खरं सांगत होती?”

“हो.”

“आणि तू मुद्दाम चुकलीस?”

“हो.”

“कशाला गे बाय?”

“ती खोटं सांगते आहे असं वाटलं म्हणून.”

म्हातारी मागे वळली. मग शेजारणीला म्हणाली, “हिला नापास केली ते बरोबरच केलं.” सगळ्या हसल्या. मागून कोणी म्हणालं, “माझं आणि माझ्या पोरीचं वय घालून बघ, मीही तुझ्या गणितात तरणी होते का.” त्या हसण्यात एकीने कडेवरचं पोर खाली सोडलं आणि ते सरळ सशाच्या चित्रापाशी गेलं. दुसरीने आपलं पोर काट्याजवळ नेलं आणि म्हणाली, “घे बाई, करून टाक वजन.” खालचीने पाकिटं बाजूला ठेवून झोळी धरली. पोर रडायला लागलं. मी सवयीने त्याचे पाय धरले.

वजन लिहून झालं, बायका गेल्या. पाच पोरं आत राहिली होती. मी तिथेच उभी होते. आता ही काहीतरी बोलेल, निदान टोमणा तरी मारेल, म्हणून वाट बघत होते. तिने वहीतून मान वर केली आणि म्हणाली, “एवढं रामायण सांगायची गरज नव्हती गे. ‘मला गणित येत नव्हतं’ एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. जा, खिचडी बघ, खाली लागली.”