आमच्या डॉक्टरांचं दुखणं

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. नवेगाव बांधच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात माझे यजमान एकटेच डॉक्टर, आणि त्यांच्या दवाखान्याला वेळ अशी नव्हतीच. लोक उजाडायच्या आत अंगणात येऊन बसत. जेवायला बसलेल्या माणसापुढे नाडी दाखवायला हात करण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मी नागपूरची, जिभेला हाड नसलेली. नवऱ्याचा चेहरा नीट पाहायचा तर आधी ताप आणावा लागतो, असं मी त्यांना तोंडावर सुनवत असे.

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपली आणि हिवतापाने गाव धरलं. डॉक्टरांचं लक्ष ठिकाणावर राहीना. भाजी कशी झाली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दिवसातून तीनदा, जेवणानंतर." मी पोट धरून हसले. पण त्याच संध्याकाळी त्यांनी एका म्हातारीच्या हातात भलत्याच माणसाची बाटली दिली. तिला दारातून परत बोलावून त्यांनी बाटली बदलली आणि पुढच्याला हाक मारली. आज लक्षात आलं, उद्या नाही आलं तर?

दुसऱ्या दिवशी त्यांना खोलीत निजवून मी बाहेरून कडी घातली आणि ओट्यावर बसून येईल त्याला सांगितलं, डॉक्टर आजारी आहेत. काय होतंय, हे विचारणारच. मी तोंडाला येईल ते सांगितलं. सकाळी पोटात आग होती, संध्याकाळी डोक्यात कळ. आधी काय सांगितलं ते आठवत नसल्यामुळे आजार वाढतच गेला.

लोक दोन दिवस दम धरतील, अशी माझी समजूत. पाटलीणबाई विहिरीवर मला स्पष्टच म्हणाली, "जो डाक्टर सोताच पडून रायला, तो आमाले काय बरं करते, बाई?" आठवड्याभरात आमचं अंगण ओस पडलं आणि पलीकडच्या वैदूच्या दारात बैलगाड्या सुटू लागल्या.

डॉक्टर आधी मनसोक्त झोपले, मग अस्वस्थ झाले. दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते मुद्दाम ओट्यावर बसत. लोक लांबूनच हात जोडत, हळहळत आणि पुढे जात. शेवटी पाटलांनी तोड काढली. डॉक्टर बरे झाले हे गावाने पाहिलं पाहिजे, आणि बरं करणारा दुसरा कोण, तर वैदू. तेव्हा एवढं शिकलेला माझा नवरा भर सकाळी मारुतीच्या पारावर मांडी घालून बसला. वैदूने कडुनिंबाचा डहाळा त्यांच्या डोक्यावरून फिरवला आणि कसलासा काढा पाजला. मी पदर तोंडात कोंबून उभी होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की घरी माझी धडगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगण पुन्हा भरलं. मात्र दुपार होताच पाटलांनी काठी आपटून सगळ्यांना उठवलं. "दुखन्यातून उठलेल्या मानसाले काऊन तरास देता? सकारी या."

कुणाला विंचू चावला किंवा बाई अडली तरच दुपारनंतर थांबायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं. त्या दुपारी गरम भात वाढताना मी चांगलीच फुशारकी मारली. एवढ्या वर्षांत यांना जे जमलं नाही, ते मी एका थापेत करून दाखवलं होतं.

डॉक्टर खाली मान घालून जेवत होते. म्हणाले, "थाप नव्हती ती. त्या दिवसांत दारात माणूस दिसला की मला त्याचा राग यायचा. त्या बाटलीने म्हातारी मेली असती, तरी मला काही वाटलं नसतं. आता वाटतंय."

हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत कुठवर गेला होता, ते कळून मी मनातून हादरले. दुसऱ्या दिवशी दुपार होताच अंगणातल्या लोकांना मीच उठवलं, पाटलांची वाट पाहिली नाही.