चतुर्थीचा क्विनोआ

"दाताखाली घे, मग बोल," असं म्हणत मामा तळहात पुढे करायचे. तळहातावर कधी कच्चा साबुदाणा असे, कधी भाजलेले शेंगदाणे, कधी नव्या गुळाचा खडा. जे असेल ते तोंडात टाकल्याशिवाय त्यांच्याशी पुढचं बोलणं होत नसे. मला बोलायची घाई फार. त्यामुळे आमचं रोज भांडण व्हायचं.

ओतूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही कधी उतरला असाल तर ती गाडी तुम्ही पाहिली असेल. निळ्या ताडपत्रीखाली हातगाडी, तिच्यावर मोठी कढई आणि कढईभोवती सारखा घिरट्या घालणारा काटकुळा माणूस. सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे डिंगोऱ्याचे. रोज भजी आणि वडे, पण संकष्टी चतुर्थीला फक्त साबुदाण्याची खिचडी. त्या दिवशी कढई वेगळी, झारा वेगळा, तेलसुद्धा नव्या पिशवीतलं. लेण्याद्रीला, ओझरला निघालेली माणसं एक एसटी सोडून देत, पण मामांची खिचडी सोडत नसत.

माझं दुकान गाडीच्या समोर. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स आणि फ्लेक्सच्या ऑर्डरी. माझे वडील आंबेगावातल्या धरणग्रस्तांची पत्रकं लिहीत. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आले. मी वाचायला शिकले ते मोर्चाच्या मागण्या वाचून. उपास, नवस, मुहूर्त यांना घरात थारा नव्हता. मामांना हे ठाऊक होतं. चतुर्थीला ते मुद्दाम मला पहिली प्लेट द्यायचे आणि म्हणायचे, "तुला काय, तुझा रोजच उपास. डोक्यात नुसतं शबुद."

खुद्द मामांचा उपास जुना नव्हता. चतुर्थी धरायच्या त्या मामी. त्या करायच्या तेव्हा मामा दिवसभर खिचडी विकून संध्याकाळी घरी भजी खात. मामी गेल्या आणि पुढच्याच चतुर्थीपासून मामांनी तो उपास स्वतःवर घेतला. का, असं मी एकदा विचारलं.

"तिचा अर्धा राह्यला," ते म्हणाले. "अर्धं काम टाकून कसं जायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही, कारण गिऱ्हाईक आलं.

मग मामांना साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, रिकाम्या पोटी गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि साबुदाणा तर नावालाही नको. एक तर उपास सोडा, नाहीतर उपासाला दुसरं काहीतरी शोधा. पुण्याला असलेल्या लेकीने काहीतरी शोधलं आणि पार्सलने पाठवलं. क्विनोआ. मामा त्याला किनवा म्हणत.

त्या चकचकीत पिशवीवर एक हसरी बाई होती आणि तिच्या हातात पानांनी भरलेला वाडगा. मी भडकले. घाटघरच्या उतारावर बाया वाकून वाकून वरई काढतात, त्या वरईला आमच्या बाजारात भाव नाही, आणि समुद्रापलीकडचं धान्य मात्र घरपोच येतं. त्याच दुपारी मी यावर पत्रक टाइप केलं. त्यातलं एकही वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. प्रिंट मामांपुढे धरली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, मागची बाजू कोरी आहे का पाहिलं, घडी घातली आणि गाडीच्या डुगडुगत्या चाकाखाली सारली.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "आता हे घे दाताखाली."

बारीक, चपटे, पिवळसर दाणे. आधी काहीच लागलं नाही. मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा आला आणि बराच वेळ गेला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी तो भगरीसारखा नुसता निवडून शिजवला. नारायणगाव गाडीचा कंडक्टर पहिला घास घेऊन म्हणाला, "मामा, भांडी घासायची पावडर पडली का यात?" मामांनी स्वतः खाऊन पाहिला आणि उरलेला बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी धुवायला घेतला तर रिठे चोळावेत तसा फेस. फेस जाईस्तोवर ते पाणी बदलत राहिले. या वेळी कडूपणा गेला, पण पाणी जास्त झालं आणि पेज झाली. मामांनी ती पेज ताकात कालवून, जिऱ्याची फोडणी घालून पिऊन टाकली. ते काही वाया घालवत नसत.

मग जमला. स्वच्छ धुऊन, फडक्यावर निथळवून, कोरडाच थोडा भाजायचा. एका वाटीला दोन वाट्या उकळतं पाणी. झाकण ठेवायचं आणि मधेमधे उघडून बघायचं नाही. मामांना हेच जड जाई. झाकणाकडे पाठ करून ते स्टँडच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. शिजला की दाणा काचेसारखा होतो. मग तुपात जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वरून लिंबू. पुढच्या आठवड्यात काकडी किसून, राजगिऱ्याचं पीठ घालून थालीपीठ झालं. लाह्या करायला गेले तेव्हा अर्धे दाणे उडून रस्त्यावर पडले आणि उरलेले करपले.

"कसंय?" मामांनी विचारलं.

"साबुदाणा नाही हा," मी म्हणाले.

"ते मला दिसतंय. कसंय ते सांग."

"चांगलं आहे," मी कबूल केलं आणि मला माझाच राग आला.

आता खरा प्रश्न उरला होता. हे उपासाला चालतं का?

मामांनी स्टँडवर भेटेल त्याला विचारलं. पुजाऱ्याला सोडून. त्यांना का नाही विचारत, असं मी म्हटलं तर म्हणाले, "त्यो न्हाई म्हनला तर ऐकावं लागंल." शेवटी ते शेजारच्या किराणावाल्या शेठजींकडे गेले. शेठजी जैन, घराणं मूळचं राजस्थानचं. खाण्यापिण्याचे नियम त्यांना तोंडपाठ.

"आमच्यात चातुर्मासात काय चालतं ते विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेन," शेठजी म्हणाले. "तुमच्या चतुर्थीचं मी बोललो तर लोक माझ्या दुकानात पाऊल टाकणार नाहीत." मग दाणे चिमटीत घेऊन, "पण मामा, हे राजगिऱ्याच्या भावकीतलं आहे म्हणतात. राजगिरा तुम्हाला चालतो की."

मामांचा चेहरा असा उजळला की मला शेठजींची चीड आली. एका दाण्याच्या भावकीवर माणसाने जेवायचं की उपाशी राहायचं हे ठरावं? पण मामा तोवर गाडीवर पोचले होते आणि कढई घासत होते.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी क्विनोआ धुतला, जेमतेम बुडेल इतकं पाणी घालून पातेल्यात ठेवला आणि वर झाकण टाकलं. नेहमी तो भिजवायची गरज पडत नव्हती. पण चतुर्थीचा दाणा रात्रभर भिजलाच पाहिजे, हे त्यांच्या हातात मुरलं होतं.

सकाळी गाडीवर त्यांनी झाकण काढलं आणि ते मागे सरले. मी दुकानातून उठून गेले. पातेल्यातल्या एकूणएक दाण्याला बारीक पांढरी शेपटी फुटली होती.

कंडक्टरने डोकावून पाहिलं. "वा राव, मोड आले. मिसळ टाका मामा."

मामा हसले नाहीत. "मोड आलं म्हंजी धान्य झालं," ते म्हणाले. "साबुदाण्याला कधी मोड बघितलं का?"

त्यांनी पातेलं झाकून गाडीखाली ठेवलं आणि त्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्यांसाठी खिचडी परतत राहिले. मी ओरडले. गोळी घेतली आहे, पोटात काही नाही, हे कसलं व्रत, मामींना तरी हे आवडलं असतं का, सगळं बोलले. ते म्हणाले, "गिऱ्हाईक बघ, तुझ्या दुकानात उभं हाय." दुपारी त्यांनी गाडीचा दांडा धरला आणि तसेच खाली घसरले. शेठजी गूळ घेऊन धावले. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, तरी मामांनी विचारलं, "गूळ चालतो ना?"

"चालतो," मी म्हणाले. उपासाच्या बाबतीत मी दिलेला तो पहिला निर्णय.

पण माझं डोकं तापलेलंच होतं. मी शेठजींकडून अख्खा राजगिरा घेतला, भिजवला, ओल्या फडक्यात बांधून माझ्या टेबलावर ठेवला. मला दाखवून द्यायचं होतं. कामात लक्ष लागेना. दर थोड्या वेळाने फडकं उघडून बघायची. दोन दिवसांनी राजगिऱ्यालाही शेपट्या आल्या. मी फडकं तसंच उचलून गाडीवर नेलं.

"बघा. तुमच्या राजगिऱ्यालाही मोड येतात. आता बोला."

मामांनी बघितलं. चिमूटभर तळहातावर घेतलं.

"ती दर चतुर्थीला राजगिऱ्याचा लाडू खायची," ते म्हणाले. "मीच न्यायचो." मग मान वर करून, "म्हंजी तिचा एकबी उपास लागला न्हाई?"

मुद्दा मी जिंकला होता. मी फडक्याची गाठ मारली आणि दुकानात परतले.

पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. भजी काढता काढता थांबायचे, गाडी सोडून स्टँडच्या टोकाला जायचे, परत यायचे. लेकीचा मला फोन आला: "ताई, बाबा तुमचं ऐकतात. उपास सोडायला सांगा ना." मी हो म्हणाले. महिनाभर रोज सांगायचं ठरवलं आणि रोज झेरॉक्स काढत बसले.

पुढच्या चतुर्थीला मी दुकान उघडलं तेव्हा मामा आधीच आलेले. एका कढईत साबुदाणा होता. दुसऱ्या छोट्या कढईत मोड आलेला क्विनोआ, जिरं-मिरचीची फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून. त्यांनी तो प्लेटमध्ये घेतला आणि सगळ्या स्टँडच्या देखत खायला लागले.

कंडक्टर थबकला. "मामा, आज उपास नाही?"

"हाये की."

"मग हे चालतं?"

"चालत नसंल," मामा म्हणाले आणि घास नीट चावून गिळला. "तिचंबी चाललं नसंल. मी एकट्यानं सोवळं ऱ्हाऊन काय करू? तिचे मोडले तर माझेबी मोडू दे. एका पंगतीत तरी बसू."

कंडक्टरला काही कळलं नसावं. तो साबुदाण्याची प्लेट घेऊन गेला. मामांनी दुसऱ्या प्लेटमध्ये क्विनोआ वाढला आणि प्लेट माझ्या हातात दिली. मीही तो उभ्याउभ्याच खाल्ला. उपासाच्या विरुद्ध मी तेव्हाही होते, आजही आहे. पण त्या प्लेटविरुद्ध काय लिहायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

दिवाळीनंतर लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. गाडीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. लेण्याद्रीला जाणारी माणसं चतुर्थीला त्याला विचारतात, खिचडीवाले कुठे गेले. तो मान हलवतो.

चतुर्थीच्या सकाळी मामांचा फोन मात्र येतो. मागच्या वेळी मी विचारलं, "केला का क्विनोआ?"

"केला की. मोड आणूनच करतो." मग म्हणाले, "पर हितं करमत न्हाई, पोरी. सातव्या मजल्यावर ऱ्हातो. समदी बिल्डिंग किनवा खाती. पर चालतो का म्हनून कुनी विचारतच न्हाई."