उरलेला हरभरा

मी सातवी नापास. पुढं शिकलो नाही, कारण सायखेड्याला नदीकाठी आमचं वावर होतं आणि तिथं माणूस कमी पडत होता. नंतर टेम्पो घेतला, टोमॅटो-कांदा मार्केटला वाहिला. म्हणून मी रसायनशास्त्रावर काही लिहावं हे तसं हसण्यासारखंच आहे. आमच्या स्वयंपाकघरात जे झालं तेवढंच लिहितो. त्याच्या बाहेरचं मला येत नाही.

आता आम्ही शहरात गंगापूर रोडच्या मागं मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगा कंपनीत आहे. शिफ्ट बदलते, त्यामुळं तो घरात असला तरी झोपलेला असतो. सून एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. नववी म्हणजे माध्यमिकचं पहिलं वर्ष. अणू, रेणू, समीकरणं हे पोरांना तिथं लागतं, आणि बरीच पोरं तिथंच रसायनाचा नाद सोडतात, असं ती म्हणते. तिची नोकरी अजून कायम नव्हती. मार्चात ठरणार होतं, आणि त्याआधी मुख्याध्यापक वर्गात मागं बसून तिचा एक पाठ बघणार होते.

माझी बायको दिवाळीच्या आधी गेली. तिला सही यायची, बाकी काही नाही. पण सून घरात आल्यापासून दुसऱ्या दिवशीचा पाठ आधी तिच्यावरच घ्यायची. म्हातारी ओट्याजवळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून भाजी, कडधान्य निवडायची आणि सून उभी राहून शिकवायची. मी बाहेर टीव्ही लावून बसलेला असायचो, पण ऐकू यायचं सगळं.

एकदा पाणी कसं बनतं ते चाललं होतं. सुनेनं ताटातलेच मूग-हरभरे घेतले. मूग म्हणजे हायड्रोजन, हरभरा म्हणजे ऑक्सिजन. दोन्ही जोडीजोडीनं राहतात म्हणून कणकेच्या टिपक्यानं मुगाला मूग चिकटवला, हरभऱ्याला हरभरा. मग जोड्या सोडवल्या आणि दोन मूग, एक हरभरा एकत्र चिकटवून म्हणाली, "हे झालं पाणी, आई."

म्हातारी म्हणाली, "आणि हा एक हरभरा उरला त्याचं काय?"

"तो राहू द्या. ते पुढं सांगते."

"राहू द्या कसं? माझ्या ओट्यावर काही उरत नाय. आणखी एक मुगाची जोडी घे की. दोन पाणी होतील."

सुनेनं आणखी एक मुगाची जोडी लावून बघितली. मग हसायला लागली. पुस्तकात पुढच्या पानावर तेच होतं म्हणे. म्हातारीला काही त्याचं कौतुक नव्हतं. तिला दाणा वाया गेलेला चालायचा नाही एवढंच. मग तिनं मूठभर मूग आणि हरभरे नीट निवडून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वेगळे ठेवले, कुणी चुकून शिजवू नयेत म्हणून. त्या डब्याला घरात 'अणूंचा डबा' म्हणायचे. दर वर्षी तो शाळेत जाऊन यायचा.

ती गेल्यावर त्या स्टुलावर सुनेनं कांद्या-बटाट्याची टोपली ठेवली. रिकामं स्टूल नजरेला नको म्हणून ठेवली असणार. मी काही विचारलं नाही. पाठ घेणं बंद झालं. सून परस्पर शाळेत जायची आणि शिकवून यायची.

जानेवारीत एका संध्याकाळी ती शाळेतून आली ती बॅगही न ठेवता खुर्चीवर बसून राहिली. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही बाबा. पाण्याचं समीकरण घेतलं ब तुकडीला. एकालाही आलं नाही. सोमवारी तेच अ तुकडीला घ्यायचंय आणि मुख्याध्यापक बसणारेत."

"मग आज घरी घेऊन बघ."

"कुणावर घेऊ?"

ते तिच्या तोंडून निघून गेलं. तिचं तिलाच कसंतरी झालं, आत निघून गेली. मी उठलो, स्टुलावरची टोपली खाली ठेवली आणि बसलो. तीन महिन्यांत त्या स्टुलाला मी हात लावला नव्हता. बसायला काही बरं नाही ते. म्हातारी कशी बसायची कोण जाणे.

म्हटलं, "ये. घे पाठ."

अणूंचा डबा काढला तर आत सगळं पीठ आणि वळवळणारे टोके. म्हातारी कडुलिंबाचा पाला घालायची, ह्या वेळी कुणी घातलाच नव्हता. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी डबा बंद करून बाजूला ठेवला आणि म्हटलं, "हायड्रोजनला कीड लागली. दुसरा हायड्रोजन काढ." तेव्हा ती जरा हसली.

बरणीतले मूग-हरभरे घेऊन तिनं सुरू केलं. चांगलं सांगत होती, पण भरभर. मधेच म्हणाली, "कळलं ना?"

"नाय कळलं."

"बाबा, तुम्ही ऐकत नाही आहात."

"ऐकतोय. ऐकून कळलं नाय."

तिनं पुन्हा सांगितलं. मग मुगाची एक जोडी आणि हरभऱ्याची एक जोडी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "करा पाणी. काही उरता कामा नये." मी दोन मूग घेतले आणि दोन्ही हरभरे त्यालाच चिकटवले. इकडं दोन, तिकडं दोन. उरलं काही नाही.

"हे पाणी नाही झालं बाबा. हे जखम धुवायचं औषध झालं. प्यायलात तर दवाखान्यात जाल."

"पण जुळलं तर आहे. तूच म्हणालीस, उरलं नाय पाहिजे."

"अहो, पण पाणी म्हणजे दोन मूग आणि एक हरभरा. ते ठरलेलंय. त्यात आपल्याला हात घालता येत नाही. जोड्या किती घ्यायच्या, तेवढंच आपल्या हातात."

"मग हे आधी सांगायचं ना. मी आपला उरलेला हरभरा कुठंतरी खुपसत बसलो."

ती थांबली. "ब तुकडीनं हेच केलं," म्हणाली. "सगळ्यांनी. अगदी हेच."

"मग ती पोरं माझ्यासारखीच हेत."

"आईंनी असं कधी केलं नाही. त्यांना पहिल्याच वेळी कळायचं."

"ती नाय आता. मी हाय. मला जसं कळंल तसं सांग."

जरा जोरातच बोललो. पण त्यानंतर तिनं सगळा पाठ उलटा केला. आधी काय बदलता येत नाही ते, मग काय बदलता येतं ते. जेवायला उशीर झाला, पण मला पाणी करता आलं. एकदा नव्हे, दोनदा करून दाखवलं.

रविवारी दाणे आणायचं काम मी घेतलं. दुकानात मूग बघितले, बारीक. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुख्याध्यापकांना काय दिसणार? म्हणून हायड्रोजनसाठी शेंगदाणे आणि ऑक्सिजनसाठी फुटाणे घेतले. चांगले टपोरे, सोललेले, खमंग. सकाळी घाईत सुनेनं पुड्या न उघडताच बॅगेत टाकल्या.

सोमवारचा दिवस काही जाता जाईना. टीव्ही लावला, बंद केला. तिची नोकरी गेली असती तर घर काही उपाशी राहिलं नसतं, मुलगा कमावतो. पण म्हातारीनं त्या पोरीच्या शिकवण्यावर इतक्या संध्याकाळी घालवलेल्या. ते सगळं माझ्या एका बैठकीत बुडालं असं व्हायला नको होतं.

ती आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, फुटाणे?"

"का? मोठे दिसतात."

"पोरांनी खाल्ले."

ती बसली आणि सांगायला लागली. बाकाबाकावर दाणे वाटले, कणीक वाटली, सगळं बरं चाललं होतं. एवढ्यात दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, ह्यानं माझा ऑक्सिजन खाल्ला."

शेजारचा पोरगा म्हणाला, "एकच खाल्ला, मॅडम."

"एक खाल्ला म्हणजे? आता माझं दुसरं पाणी कसं होणार? माझे दोन शेंगदाणे नुसते उरले."

"तिथं अर्धा फुटाणा पडलाय ना, तो लाव."

"अर्धा चालत नाही, येड्या. अर्धा अणू असतो का?"

वर्ग हसायला लागला. तेवढ्यात मागून मुख्याध्यापकांचा आवाज आला, "मग दोन्ही शेंगदाणे ह्याच पाण्याला चिकटव की. हिशोब जुळेल."

मुलगी मागं वळून म्हणाली, "नाही सर, मग ते पाणी राहत नाही. पाणी बदलायचं नसतं. ह्याच्या पोटात गेलाय तो पण धरायला पाहिजे, म्हणजे जुळेल."

तास संपल्यावर मुख्याध्यापक बाकांमधून पुढं आले. एका बाकावरचा फुटाणा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, "ब तुकडीला पण असाच घ्या हा पाठ. पण खायचं आणू नका."

मार्चात ती कायम झाली.

पाठ झाला त्या सोमवारी संध्याकाळीच मी विचारलं होतं, "म्हातारीनं फुटाणे का नव्हते घेतले मग? तिला सुचलं नाय?"

"सुचलं होतं. मीच आणले होते पहिल्या वर्षी. त्या म्हणाल्या, कच्चंच ने, पोरं खातात."

म्हणजे एवढं साधं मला ठाऊक नव्हतं. भिंतीच्या अलीकडं बसून इतकी वर्षं सगळं ऐकू येतं असं मी समजत होतो. आता म्हातारी असती तर पाठ कसा झाला ते तिनं नंतर विचारलं असतं. आधी विचारलं असतं, उरलेल्या दाण्यांचं काय केलं.

सुनेनं चहा ठेवला. मी स्टुलावर बसलो. बॅगेतल्या पुड्या काढून ओट्यावर उघडल्या आणि उरलेले शेंगदाणे-फुटाणे आम्ही दोघांनी चहाबरोबर खाऊन टाकले. मग तिनं मूग आणि हरभरे ताटात ओतले, ब तुकडीसाठी. मी चष्मा लावून निवडायला घेतले.