मंगळवारची माती

“तोंड दिसतंय की तुजं. आणि काय पुरावा पायजे?”

मेस्ताच्या फोनचा स्पीकर चालू होता. बोलणारा बेळगावकडच्या त्याच्या गावातला कुणीतरी होता. मी शेडच्या मागे ट्रायपॉड मिटत होते आणि मी तिथे आहे हे मेस्ताला आणि त्याच्या बायकोला माहीत नव्हतं. मेस्त म्हणजे आमच्या साइटवरचा गवंडी. त्याची बायकोही तिथेच कामाला. फोनवरचा माणूस बोलत होता ते मेस्ताच्या चेहऱ्याबद्दल, आणि तो चेहरा मी काढलेल्या रीलमध्ये होता.

गोव्यातल्या कोरगावच्या एका उतारावर आमची कंपनी मातीची घरं बांधत होती. चिऱ्यांच्या भिंती, त्यांना मातीचा गिलावा, छपरावर पाडलेल्या घरांचे जुने नळे, म्हणजे कौलं. सिमेंट शक्य तितकं कमी. घेणारे पुण्याचे, बंगळूरचे. मोपाला विमानातून उतरून ते थेट साइटवर यायचे, पण त्याआधी त्यांनी सगळं फोनवर पाहिलेलं असायचं. ते दाखवणं हे माझं काम. सरांचं, म्हणजे कंपनीच्या मालकांचं, म्हणणं एकच होतं. “बाकीचे हिरवा रंग फासतात नि विकतात. आमचें तसें न्हय. पळय, आमची माती खरी, माणसं खरी.” म्हणून मी कुणाला उभं करून काही करायला लावत नसे. माणसं कामात असताना लांबून टिपायची. मलाही तेच सोयीचं होतं. हातात कॅमेरा असला की आपण बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

ते रील चांगलं झालं होतं. मेस्त खड्ड्यात उतरून मातीत पेंढा तुडवतोय, बायको काहीतरी टोमणा मारते आणि तो मान मागे टाकून हसतो. वर मी देवनागरीत लिहिलं होतं, ‘आज साइटवर’. चित्रीकरण गुरुवारी दुपारी झालं होतं. टाकलं पुढच्या मंगळवारी संध्याकाळी, कारण त्या वेळी जास्त लोक बघतात. असं सगळेच करतात. माझ्या लेखी ‘आज’ म्हणजे रील टाकलं तो दिवस.

फोन बंद झाल्यावर मेस्ताच्या बायकोला मी दिसले. ती ओरडली नाही. बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि मला समजावून सांगू लागली.

“ताई, आमच्या गावात देवीची यात्रा हाय औंदा. कैक वर्सांनी येती. यात्रेच्या आधी वार पाळत्यात. मंगळवार नि शुक्रवार. त्या दिशी मातीला कुणी लोखंड लावायचं न्हाई, तुडवायची न्हाई, शेतात जायचं न्हाई. गावात असू द्या न्हाईतर गोव्यात.”

तेव्हा मला उलगडा झाला. गेले काही आठवडे मंगळवारी आणि शुक्रवारी ही दोघं गिलाव्यापाशी फिरकत नसत. जुन्या नळ्यांच्या राशीपाशी बसून ब्रशनं त्यांचं शेवाळ घासत. सर एकदा वैतागून म्हणाले होते, “मेस्ता, तुझा रविवार आठवड्यातून कितींदा येतो रे?” मेस्त नुसता हसला होता. मी ते पाहिलं होतं, विचारलं नव्हतं.

“आता गाव म्हणतंय, मंगळवारी यानं माती तुडवली,” ती म्हणाली. “आमच्या घरची ओटी देवी घेणार न्हाई म्हणत्यात, यानं येऊन देवळात चूक कबूल केल्याबिगर. सासूबाई जेवंना झाल्यात.”

“मी न केलेली चूक कबूल करणार न्हाई,” मेस्त म्हणाला. तो फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत होता.

मी म्हटलं, मी ते रील काढून टाकते.

“नको,” तो पटकन म्हणाला. “काढलासा तर खरंच हुतं म्हणतील. म्हणून पुसलं.”

मग मला सुचलं ते मी केलं. माझ्या फोनमध्ये मूळ चित्रीकरण होतं, त्याखाली वार आणि वेळ. त्याचा स्क्रीनशॉट मी मेस्ताला पाठवला आणि त्यानं तो गावाला. सरांना मी मेसेजवरच कळवलं, ते दहा पावलांवर ऑफिसच्या खोलीत बसले होते तरी. ‘आज’ हा शब्द बदलू का, असंही विचारलं. ते बाहेर आले.

“बदलू नको गो. खाली किती लोकांनी विचारलंय बघ, आजच येऊन बघता येईल का म्हणून. उद्या कुणी म्हणेल, हे जुनं काहीतरी आज म्हणून टाकतात, मग बाकीचं पण तसंच असेल. ‘आज’ म्हटलं म्हणजे आजच, असं कोण धरतं?”

“गाव धरतंय,” मेस्ताची बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

सर ऑफिसच्या दाराकडे वळले. माणूस वाईट नव्हता. मेस्ताला त्यांनी यात्रेसाठी रजा आधीच देऊ केली होती. पण या कंपनीत त्यांचं सगळं पणाला लागलं होतं आणि ते जे विकत होते त्यात खरेपणा हाच मुख्य माल होता. तो माल ते असा जपत होते.

गावाचं उत्तर आलं ते आवाजाच्या मेसेजमध्ये. यात्रेच्या पंचांतला एक म्हातारा बोलत होता. “फोटो नगं. फोनवरचा वार कोण बी बदलतंय. ज्यानं डोळ्यांनी बघितलंय त्यानं तोंडानं सांगावं. देवीम्होरं आमी तसंच सांगतो.”

मेस्तानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या बायकोनं पाहिलं. मीही नळ्यांकडे बघत राहिले. घासून झालेले एका बाजूला उभे लावले होते, न घासलेले दुसरीकडे. त्या मंगळवारी ते ओले, लालभडक दिसत होते, म्हणून मी त्यांचेही काही शॉट घेतले होते. वापरले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी या दोघांच्या समोरच बसले होते, बघायला दुसरं कुणी नव्हतं.

इंग्रजी शाळेत आम्हाला मराठीत बोललं की बाकावर उभं करत. घरी बोलायचे, पण घरच्यांशीच. अनोळखी, वयस्कर माणसाशी, तेही त्यांच्या बाजूच्या मराठीत, फोनवर काय आणि कसं बोलायचं, याची मी मनात बरीच जुळवाजुळव केली. त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. मी हात पुढे केला. मेस्तानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. सर दारातच उभे होते, चहाचा कप हातात घेऊन.

“कोण?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“मी तो व्हिडिओ काढणारी,” मी म्हणाले. “तो गुरुवारचा आहे. ‘आज’ मी लिहिलं होतं, ते खरं नाही. मंगळवारी मी दिवसभर इथेच होते. यांनी मातीला पाय लावला नाही, हातसुद्धा लावला नाही.”