वरच्या मजल्यावरची सरस्वती

माझी बँक सुटेपर्यंत माझी लेक आमच्या वरच्या मजल्यावरच्या जपानी बाईंकडे थांबते. बाई फार भल्या आहेत. त्याचाच तर मला जळफळाट होतो. वाईट असत्या तर नावं तरी ठेवता आली असती!

एका संध्याकाळी लेक खाली आली ती बडबडतच. बाईंच्या फळीवर एका देवीचं चित्र आहे. तिचं नाव बेन्झाइतेन. तिच्या हातात वाद्य असतं, ती पाण्याजवळ राहते, गाणं आणि विद्या तीच देते. सगळं इंग्रजीत, डोळे मोठ्ठे करून.

"अगं, ती आपलीच सरस्वती! आपल्याकडूनच गेली तिकडे," मी म्हटलं.

"नो आई, शी इज बेन्झाइतेन," म्हणून ती हात धुवायला गेली.

कपाळ माझं! दर दसऱ्याला मी पुण्याहून आणलेल्या पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढते, तेव्हा ही सोफ्यावरून विचारते, "डू आय हॅव टू?" नमस्कारसुद्धा मी मान धरून करायला लावायचा. आणि वरच्या घरातली सरस्वती मात्र हिची लाडकी!

यंदा दसरा सुट्टीच्या दिवशी आला. इथे आखातात, आमच्या उम्म अल हस्सम वस्तीत झेंडूही मिळाला. मी पाटी पुसून बसले, तर लेक आपणहून शेजारी येऊन मांडी घालून बसली.

"आई, मला बेन्झाइतेन काढायला शिकव ना."

चक्क मराठीत! नावाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. तिचा हात धरून शिकवलं. रेघा वाकड्या आल्या, पण देवी झाली. मी खुशीत गंध उगाळायला उठले. परत येते तर पाटी गायब आणि दार सताड उघडं.

हळद-कुंकू, फुलं ताटात घेऊन मी तणतणत वर गेले. बाईंनी वाकून मला आत घेतलं. फळीवर त्या चित्राला टेकून आमची पाटी उभी होती आणि समोर माझी लेक, डोळे मिटून, हात जोडून. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

मला रडूच यायला लागलं, रागाने. तरी मी पाटीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि तिच्याजवळ हात जोडले. लेकीने एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि जराशी सरकून मला जागा दिली, घरी आलेल्या पाहुणीला देतात तशी.